केळीच्या हिशोबात पाणी कुठल्या खात्यावर लिहायचं?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात कुठल्याही केळीवाल्याला विचारा की भाऊ, झाडामागे खर्च किती आला. तो थांबून विचारही करणार नाही. रोप केवढ्याला पडलं, ठिबकच्या नळ्या किती वर्षं टिकल्या, विद्राव्य खतं, फवारणी, घड कापायची मजुरी, सगळं तोंडपाठ. व्यापाऱ्यानं रोज जाहीर होणाऱ्या बोर्ड भावापेक्षा क्विंटलला दोनशे कमी दिले तर एकरी किती गेले हे तो चहा संपायच्या आत सांगतो. पण पाणी किती लागलं आणि ते कितीचं पडलं असं विचारलं की उत्तर येतं, "पाण्याचे कसले पैसे भो, बोअर घरचीच आहे ना." आणि हे उत्तर एकट्या शेतकऱ्याचं नाही बरं का, बँकेच्या कागदावर तेच आहे, विम्यात तेच, अनुदानाच्या फॉर्मवर पण तेच. खानदेशात शेती, पैसा आणि शाश्वत विकास यांचं सगळं घोडं मला वाटतं इथंच अडलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी शाश्वत विकास म्हणजे काय ते एकदा उरकून घेऊ. संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगानं १९८७ साली अहवाल दिला, त्यात साधारण असं म्हटलंय की आजच्या पिढीनं आपल्या गरजा भागवाव्यात, पण येणाऱ्या पिढीला तिच्या गरजा भागवता येणार नाहीत असं काही करू नये. मग २०१५ ला १७ उद्दिष्टं ठरली, २०३० पर्यंत गाठायची म्हणून. बस, एवढंच. मंत्रालयात याचे तक्ते होतात, मोठ्या कंपन्या वार्षिक अहवालात यावर पानंच्या पानं लिहितात, पण सावद्याच्या किंवा फैजपूरच्या माणसाला याचा अर्थ एकच, माझ्या नातवाला याच शेतात केळी लावता येईल का.

आता जमिनीखाली काय चाललंय ते बघा, कारण ते समजल्याशिवाय पैशाची बाजू कळत नाही. खानदेशात जमीन दोन प्रकारची आहे. साक्री, पारोळा, धुळे तालुक्याचा बराचसा भाग म्हणजे काळा पाषाण. त्याच्या भेगांत पाणी साठतं पण थोडंच, त्यामुळे उन्हाळा लागला की विहीर तळ दाखवते, माणूस गप्प बसतो आणि पावसाची वाट बघतो. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावल-चोपड्याला मात्र शेकडो फूट जाडीचा गाळ आहे, वाळू, माती, गोटे यांचे थरावर थर. यात पाणी भरपूर मावतं, आणि हेच वरदान होतं म्हणून तर इथं केळी आली. पण याच वरदानाची दुसरी बाजू अशी की इथं विहीर आटली की खाली जाता येतं. मग अजून खाली. पाषाणात निसर्गच तुम्हाला दर मे महिन्यात थांबवतो, गाळात कुणीच थांबवत नाही, म्हणून तूट वर्षानुवर्षं दिसतच नाही.

याला बँकेतल्या ठेवीसारखं समजा. खाली पूर्वापार साठलेलं पाणी ही मुद्दल, आणि दरवर्षी पावसाळ्यात मुरतं ते व्याज. व्याजाएवढं काढलं तर ठेव जन्मभर पुरते. केंद्रीय भूजल मंडळ नेमकं हेच मोजतं, वर्षाला जेवढं पाणी काढण्याजोगं मुरतं त्याच्या किती टक्के आपण उपसतो. ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित आणि १०० च्या वर गेला की अतिशोषित. रावेर आणि यावल हे दोन्ही तालुके या मोजणीत वर्षानुवर्षं अतिशोषित गटात आलेत. म्हणजे आपण व्याज तर खातोच, वर मुद्दलही मोडतो.

एका एकराचं गणित मांडू. पाच बाय पाच फुटावर लागण केली तर एकरात साधारण १,७४० झाडं बसतात. भर उन्हाळ्यात घड लागलेल्या झाडाला ठिबकवर सुद्धा दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे एकराला रोज जवळजवळ ३५,००० लिटर, दहा हजारी टँकर धरला तर साडेतीन टँकर, एका एकराला, रोज. हे पाणी समजा ३०० फुटांवरून, म्हणजे ढोबळमानानं १०० मीटरवरून उचलायचंय, तर भौतिकशास्त्राच्या नियमानं कमीत कमी साडेनऊ युनिट वीज लागते, आणि मोटार-पंपात जे वाया जातं ते धरलं की वीस-पंचवीस युनिट. पाणी दुप्पट खोल गेलं की वीजही दुप्पट.

पण खरा दणका विजेचा नसतो. पातळी एक-दोन मीटर उतरली तर रोजच्या विजेत फरक किरकोळ पडतो, म्हणून तर कळत नाही. खर्च येतो तो एकदम येतो. एका वर्षी मोटार हवा ओढायला लागते, पाइप आणि केबल वाढवून बघतात, तरी जमत नाही, मग बोअरची गाडी बोलवायची. ज्यानं ही गाडी शेतात चालताना पाहिलीय त्याला माहितीये, रात्रभर जनरेटरचा आवाज, एकामागून एक रॉड जोडले जातायत, बाहेर पडणाऱ्या मातीचा रंग बघत घरचे लोक बांधावर बसलेत, आणि ठरावीक खोलीनंतर फुटाचा रेट वाढत जातो. वाळूचा चांगला थर लागला तर ठीक. नाही लागला तर सगळे पैसे त्या भोकात. त्याला विमा नाही, परतावा नाही, काहीच नाही.

समजा नवी बोअर, केसिंग, मोटार, केबल, पाइप असं सगळं मिळून ४ लाख लागले, ती ८ वर्षं चालली आणि तिच्यावर २ एकर केळी भिजली. वर्षाचे झाले ५०,०००, एकरी २५,०००, आणि झाडामागे १४ रुपये. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे वेगळे असतील, तुमचे टाकून बघा. पण कुठलेही टाकले तरी हे १४ रुपये कुणाच्याच वहीत झाडामागच्या खर्चात लिहिलेले दिसत नाहीत, कारण बोअरचा खर्च आपण "घरचं काम" म्हणून वेगळा धरतो, लग्नासारखा किंवा घर बांधण्यासारखा. मग केळीला नफा दिसतो, आणि त्या दिसणाऱ्या नफ्यावर पुढची लागण ठरते.

आता बँकेकडे या. पीक कर्ज किती द्यायचं हे दरवर्षी जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते, पीकनिहाय, हेक्टरी इतके. ज्या पिकाला खर्च जास्त त्याला कर्ज जास्त, हे सरळ आहे. त्यामुळे ज्वारी-बाजरी, तूर यांच्यापेक्षा केळीला हेक्टरी कर्ज कितीतरी जास्त बसतं. विकास सोसायटीचा सचिव किंवा बँकेचा अधिकारी सातबारा बघतो, पीकपेरा बघतो, विहीर-बोअरची नोंद आहे का बघतो. त्या बोअरला पाणी कितीवर आहे आणि पाच वर्षांपूर्वी कितीवर होतं हे विचारायला त्याच्या फॉर्मवर रकानाच नाही. त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आणि यातली विसंगती बघा. अतिशोषित भागात नव्या विहिरीला किंवा बोअरला बँकेचं कर्ज सहसा मिळत नाही, तसं धोरणच आहे, आणि हेतू चांगलाच आहे, उपसा आणखी वाढू नये. पण त्याच बोअरवर उभ्या राहणाऱ्या केळीला कर्ज मिळतं. मग माणूस काय करतो, केळीचं कर्ज बँकेचं घेतो आणि बोअरचे पैसे सावकाराकडून किंवा सोनं ठेवून उभे करतो. स्वस्त पैसा पिकाला आणि महाग पैसा पाण्याला. बोअर पडायची ती पडतेच, फक्त तिचं व्याज शेतकऱ्याच्या डोक्यावर जास्त बसतं.

व्याजाचं पण थोडं सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं शेतकऱ्याला बिनव्याजी मिळतं मग अडचण काय. किसान क्रेडिट कार्ड १९९८ ला सुरू झालं. त्यावर ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज ७ टक्क्यांनी, वेळेत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सवलत म्हणजे ४ टक्के, आणि आपल्याकडे राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत धरली की वेळेत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंत शून्य टक्के. कागदावर फार छान. पण "वेळेत" हा शब्द केळीला जड जातो. मृगबाग जून-जुलैत लावली तर घड हातात यायला अकरा-बारा महिने लागतात, त्यात थंडी लांबली तर निसवण (घड बाहेर पडणं) पुढं जाते, कटाई लांबते, कर्जाची तारीख मात्र हलत नाही. मग नवं-जुनं करायचं. म्हणजे कुणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी शेकडा तीन, पाच रुपयांनी उचलायचे, सोसायटीत भरायचे, खातं निल दाखवायचं, आणि नवीन कर्ज मंजूर झालं की त्याचे फेडायचे. गावात हे इतकं नेहमीचं आहे की कुणी त्याला अडचण म्हणतच नाही, पण विचार करा, हातात घ्यायचं कर्ज प्रत्यक्षात नवीन येतच नाही, जुनंच फिरतं, वर मधल्या पंधरवड्याचं व्याज खिशातून जातं. अशा माणसाला तुम्ही म्हणा की बाबा यंदा दोन एकर केळी कमी कर, पाणी वाचव, तर तो नाही करू शकत. केळी कमी झाली की कर्जमर्यादा कमी होते, आणि मर्यादा कमी झाली की नवं-जुनं होत नाही. केळीचं क्षेत्र कमी न होण्यामागं हे एक फार मोठं कारण आहे, आणि पाणी वाचवा म्हणून भाषण देणाऱ्यांना ते माहितीच नसतं.

मग ठिबकनं पाणी वाचतं ना, असं कुणी म्हणेल. वाचतं, नक्की वाचतं, आणि जळगावनं देशाला ठिबक शिकवलं म्हटलं तरी चालेल. भवरलाल जैन यांनी १९६३ ला रॉकेल विकण्यापासून सुरुवात केली, पुढं पपईच्या चिकापासून पपेन, पाइप, मग ठिबक, मग ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चरची रोपं. कंदापासून लावलेली बाग अठरा महिने घ्यायची ती वर्षाच्या आत यायला लागली, घडाचं वजन वाढलं, आमच्या भागातल्या कितीतरी घरांवर स्लॅब पडले ते या दोन गोष्टींमुळे. अनुदानही चांगलं आहे, केंद्राच्या योजनेत छोट्या शेतकऱ्याला ५५ टक्के आणि इतरांना ४५, त्यात राज्याची भर पडून ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं.

पण झालं काय, एका एकराचं पाणी वाचलं तर ते खाली राहिलं नाही, शेजारचा कोरडवाहू एकर केळीखाली आला. झाडामागचं पाणी कमी झालं आणि झाडांची संख्या वाढली, बेरीज तिथंच किंवा वरच. शिवाय पूर्वी पाटपाण्यानं भरलं की जे जास्तीचं जायचं त्यातलं काही परत मुरायचं, ठिबकमध्ये ते पण मुरत नाही. म्हणून ठिबक वाईट असं मी मुळीच म्हणत नाही, ठिबकशिवाय आज केळी होणारच नाही. पण अनुदान हेक्टरवर दिलं जातं, उपसा किती कमी झाला यावर नाही, त्यामुळे सरकारनं पैसे दिले ते नळीला, पाणी वाचवायला नाही.

आणि अनुदानावर धंदा उभा केला की धंद्याची काय अवस्था होते ते पण जळगावनंच पाहिलं. शेतकऱ्याला संच आज मिळतो, सरकारचे पैसे केव्हातरी मिळतात, मधला काळ कुणीतरी कर्ज काढून निभवायचा असतो. भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशन कंपनीवर कर्जाचा बोजा वाढत गेला, सरकारी कामांत आणि अनुदानात अडकलेली रक्कम हे त्यातलं एक मोठं कारण, २०१९ ला कर्जाची फेड अडली आणि २०२२ ला बँकांबरोबर फेररचना झाली, पुढं २०२३ ला परदेशातला सिंचनाचा धंदा रिव्हुलिस या कंपनीत विलीन केला. नफा कागदावर असतो आणि रोकड हातात नसते, खेळतं भांडवल अडकणं म्हणतात ते हेच, कंपनी असो की शेतकरी.

विम्याचं थोडक्यात. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, त्यात शेतात नुकसान किती झालं हे मुख्यतः बघत नाहीत, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर सलग काही दिवस ठरावीक तापमानाच्या खाली किंवा वर आकडा गेला का ते बघतात. गेला तर पैसे, नाही तर नाही. फायदा असा की पंचनाम्याची कटकट नाही, तोटा असा की केंद्र आठ किलोमीटर लांब असेल आणि थंडी तुमच्या नाल्याकाठच्या बागेत पडली असेल तर तुमच्या हाती काही नाही. २०२० आणि २०२१ ला सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) नावाचा विषाणू आला, रावेर-यावलला लोकांनी उभ्या बागा उपटून बांधावर टाकल्या, आणि विषाणू तापमापकावर दिसत नाही. तसंच पाणी तुटून बाग वाळली तरी तापमापकाला काही कळत नाही.

विजेचंही तसंच. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीजबिल माफ आहे. मी याला विरोध करणार नाही, ज्यानं थकबाकीपायी डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) बंद पडलेली पाहिलीय तो करणार पण नाही. पण ज्याचं पाणी खूप खोल गेलं त्याला साडेसातची मोटार पुरत नाही, तो दहा-पंधरा एचपीवर जातो आणि सवलतीच्या बाहेर पडतो. म्हणजे ज्याच्याकडे पाणी वर आहे त्याला फुकट, आणि ज्याचं खाली गेलं त्याला बिल. सौर पंपात तर ऊन आहे तोवर उपसायला एक पैसा लागत नाही, मग बंद कोण करणार.

पाणी मोजून पैसा देणारी एक योजना मात्र आपल्याकडे आली, अटल भूजल. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली, ६,००० कोटींची, त्यातलं अर्धं जागतिक बँकेचं कर्ज, सात राज्यांत, त्यात महाराष्ट्र आणि महाराष्ट्रात जळगाव जिल्हाही. हिची गंमत अशी की जागतिक बँक काँक्रीट ओतलं म्हणून पैसे सोडत नव्हती, ठरलेलं काम निकालात दिसलं की सोडायची. गावानं पाण्याचं अंदाजपत्रक केलं का, पातळीची माहिती लोकांसमोर ठेवली का, उपसा कमी झाला का, असे निकष. गावाचं अंदाजपत्रक म्हणजे पाऊस किती पडला, मुरला किती, प्यायला किती, जनावरांना किती, उरलं त्यात कुठलं पीक किती एकर बसतं. चांगली गोष्ट आहे, फक्त हे अंदाजपत्रक ग्रामपंचायतीच्या कपाटात राहतं आणि पीक कर्जाची यादी सोसायटीच्या कपाटात, दोन्ही कपाटं एकाच गावात, कधी कधी एकाच गल्लीत, पण हे कागद एकत्र टेबलावर येत नाहीत.

आणि हे असं करता येतं हे खानदेशाला कुणी बाहेरून शिकवायची गरजच नाही. धुळे-साक्रीकडे पांझरेवर फड पद्धत तीन-चारशे वर्षं चालली. नदीवर बंधारा, त्याच्या पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, साधारण चार फड, एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि कुठल्या फडात यंदा ऊस, कुठल्यात हंगामी, कुठला पडीक ठेवायचा हे पाणी बघून मिळून ठरायचं. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या राखण करायचा, दोघांचा मोबदला गावानं उचलायचा. पाणी कमी तर फड कमी, ज्याची जमीन त्या फडात त्याचं त्या वर्षी कमी, पण प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यानं कुणी एकटा बुडायचा नाही. यात पीकनियोजन आहे, पाणीवाटप आहे, आणि जोखीम वाटून घेणं म्हणजे एका अर्थी विमा पण आहे.

मुरवायच्या बाजूनंही काम झालंय. शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तिथले नेते अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळानं २००४ पासून नाले रुंद आणि खोल केले, वरचा पाणी न मुरू देणारा मातीचा थर काढून खालपर्यंत वाट करून दिली, ओळीनं सिमेंट बंधारे घातले. आता मोठी आशा आहे ती तापी मेगा रिचार्जची, १० मे २०२५ ला भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा करार झाला, १९,००० कोटींच्या वरचा प्रकल्प, ३१.१३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, सातपुड्याच्या पायथ्याला गोट्या-वाळूचा जो बझाडा पट्टा आहे त्यात मुरवायचं. हा पट्टा म्हणजे आपल्या गाळाच्या जमिनीत पाणी शिरायचं दार, त्यामुळे जागा बरोबर निवडलीय. मला मनापासून वाटतं हे व्हावं आणि लवकर व्हावं. पण व्याज वाढलं म्हणून खर्च पण तेवढाच वाढवला तर मुद्दल परत भरून येणार नाही. पाणी मुरायच्या आधीच त्याच्या नावावर नव्या बोअर पडायला लागल्या तर १९,००० कोटी कुठं गेले हे कळणार पण नाही, आणि आजच्या कायद्यात आणि रोजच्या व्यवहारात ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी असंच चाललंय. २००९ चा राज्याचा भूजल कायदा आहे, पण शेतात तो कुणाला भेटलेला नाही.

मग करायचं काय. माझं म्हणणं एवढंच आहे की पैसा जिथून येतो तिथंच पाण्याचा रकाना टाका. पीक कर्जाच्या तक्त्यात केळीसमोर हेक्टरी रक्कम असते, तिथं गावाच्या पाण्याच्या अंदाजपत्रकाप्रमाणे किती हेक्टर बसते तेही लिहा, आणि जो शेतकरी दोन एकर केळी कमी करून हरभरा किंवा तूर घेईल त्याची कर्जमर्यादा तीन वर्षं खाली आणू नका, म्हणजे त्याचं नवं-जुनं अडकणार नाही. परतफेडीची तारीख कटाईला जोडा. ठिबकच्या अनुदानातला काही हिस्सा मागे ठेवा आणि पातळी टिकली तर गावाला द्या. यातल्या कुठल्याच गोष्टीला नवा पैसा फार लागत नाही, आहे तो वेगळ्या अटीवर द्यायचाय.

आणि तोवर आपल्या हातात आहे ते सुरू करता येतं. वजन बांधलेली टेप घ्या, मोटार रात्रभर बंद ठेवून सकाळी पाणी किती फुटांवर आहे ते मोजा, बोअरमध्ये टेप जात नसेल तर जवळच्या जुन्या विहिरीत मोजा. एकदा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात आणि एकदा मे अखेरीला. दोन्ही आकडे तारखेसकट त्याच वहीत लिहा जिच्यात खताची आणि मजुरीची नोंद आहे, आणि त्याच पानावर बोअर-मोटारीचा खर्च वर्षांनी भागून झाडामागे किती येतो तेही लिहा. गल्लीतल्या दहा जणांनी असं केलं तरी पुढच्या ग्रामसभेत सोसायटीच्या सचिवासमोर ठेवायला कागद तयार होतो.